दोन रिंगांचा निरोप

जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला फोनचा नियम सांगितला. दर रविवारी, पुण्यात दुपारचे बारा वाजले की तिथून फोन लावायचा, दोन रिंग वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. म्हणजे मी ठीक आहे. घरी कोणी उचलणार नाही, कारण उचलला की माझ्या फोनकार्डातले पैसे जाणार. तिसरी रिंग वाजली तर काहीतरी बिनसलंय असं समजून ते उचलणार.

"आणि एक ते चारमध्ये लावू नकोस," ते म्हणाले. "त्या वेळात तू ठीक नसलास तरी आम्ही झोपलेले असू."

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये फोन येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी कॉलेजात जर्मन शिकत होतो. आजूबाजूची सगळी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती, आणि नव्याने निघालेल्या कंपन्यांना परदेशी भाषा येणारी मुलंही हवी आहेत, असं जो तो सांगत होता. त्यामुळे मला तिथे एक वर्ष शिकायची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आईने सोसायटीत पेढे वाटले. मी एकुलता एक. जावंसं वाटतंय का, असं मला कोणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही.

तिथे मला कोणी त्रास दिला नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे अनेकांनी मला तेच विचारलं. वसतिगृहातली मुलं जिन्यात भेटली की हसून नमस्कार करायची आणि आपापल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. सामाईक स्वयंपाकघरात मी वरण-भात करायचो. फोडणीचा वास लागला की कोणीतरी येऊन अगदी हळूच खिडकी उघडायचं. रविवारी तर सगळं गाव बंद. दुकानं बंद, रस्ते रिकामे, फक्त चर्चची घंटा. शनिवारी संध्याकाळी दुकानदाराला म्हटलेलं 'धन्यवाद' आणि सोमवारी वर्गात म्हटलेलं 'सुप्रभात' यांच्यामध्ये माझ्या तोंडून एकही शब्द निघायचा नाही.

सोमवारी वर्गात बाई प्रत्येकाला विचारायच्या, सुट्टीत काय केलंत? ते भूतकाळात सांगायचं. मी सांगायचो, मित्रांबरोबर तळ्यावर गेलो होतो, मग आम्ही केक खाल्ला, एकाची सायकल पंक्चर झाली, आम्ही खूप हसलो. बाई खूश व्हायच्या. त्या मित्रांना मी नावंही दिली होती. पुढेपुढे बाई त्यांची चौकशी करायला लागल्या.

आणि रविवारी सकाळी मी चौकातल्या बूथमध्ये जाऊन दोन रिंग वाजवत होतो. दुसरी रिंग संपायच्या आत हात आपोआप खाली जायचा. तिकडे आई फोनपाशी उभी असणार आणि म्हणणार, "आला हो. ठीक आहे." मग ते जेवायला बसणार.

थंडी वाढली तशी एका रविवारी माझा हात खाली गेला नाही. मी काही ठरवलं नव्हतं. तिसरी रिंग पुरती वाजलीही नसेल.

"काय झालं? पडलास कुठे?" बाबा.

"नाही."

"पासपोर्ट हरवला?"

"नाही हो बाबा."

"मग?"

"करमत नाहीये."

मागून आईचा आवाज, "काय म्हणतोय? अहो, सांगा ना, काय झालंय?"

"काही नाही. करमत नाही म्हणतोय."

आईने फोन ओढून घेतला. "अरे, तिसरी वाजली आणि माझ्या हातातली कढई सुटली! असं करतात का? जेवलास?"

"इथे सकाळ आहे."

"मग खा काहीतरी."

त्या दिवसापासून नियम मोडला. पुढच्या रविवारी पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला आणि नंतर नेहमीच. मला हवं होतं ते मिळालं, पण मला वाटलं होतं तसं झालं नाही. आई विचारायची, "आता करमतंय का?" आणि आता मला तोंडाने 'हो' म्हणावं लागायचं. रिंगांनी खोटं बोलणं त्यामानाने सोपं होतं. ज्या दोघांना आठवड्यातून एकदा निर्धास्त जेवायला बसता येत होतं, त्यांचं तेवढंही मी काढून घेतलं, असं मला बूथमधून बाहेर पडताना दर वेळी वाटायचं. आजही वाटतं.

वसंतात एका रविवारी आई कुणाच्या तरी मुंजीला गेली होती. बाबा एकटेच होते. हवा, जेवण, अभ्यास, सगळं बोलून झालं. त्यानंतर ते नेहमी "बरं, ठेव" म्हणत. त्याआधीच मी विचारलं, "बाबा, तुम्हाला करमतं का?"

इतक्या महिन्यांत मी हे पहिल्यांदाच विचारत होतो. प्रश्न तोंडातून गेला तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

"फार लवकर विचारलंस," ते म्हणाले. "संध्याकाळी टेकडीवर जायला लागलोय. घरात बसवत नाही. तिथे आणखी दोघं-तिघं येतात. त्यांचीही मुलं बाहेर आहेत, अमेरिकेत वगैरे."

"मग काय गप्पा मारता?"

"गप्पा कोण मारतंय? बसतो. अंधार पडला की उठतो."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मराठीत बोलायचं होतं, तरी मला वाक्य जुळेना. शेवटी बाबाच म्हणाले, "बरं, ठेव. कार्ड संपेल."

मी ठेवला नाही. तेही ठेवत नव्हते. कार्डातले उरलेले आकडे उतरत गेले आणि आम्ही दोघं तसेच, काही न बोलता, फोन कानाला लावून राहिलो.