इंजिनाने ‘चला’ म्हणेपर्यंत

आमच्या चालण्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यात हळू चालणारा माणूस सगळ्यात पुढे असतो. त्याला आम्ही इंजिन म्हणतो. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. रक्तातली साखर वाढली होती, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि सांगितलेलं काम मोजूनमापून करायची माझी सवय. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. हातात व्हर्निअर घेऊन दिवसभर तयार भागांची मापं घ्यायची, अर्ध्या मिलिमीटरनं चुकलेला भाग परत पाठवायचा, हा माझा धंदा. त्यामुळे चालायचं तर नवे बूट घालून, सरळ आणि जोरात, असं ठरवूनच मी निघालो होतो. कॉलनीच्या फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होतो. तिथे मागून शिट्टी वाजली.

शिट्टी बाईंची. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या पी.टी.च्या शिक्षिका. हा ग्रुप त्यांनीच काढला आणि शिट्टीही त्यांची शाळेतलीच.

“ओ नवीन भाऊ! एस.टी. चुकतेय का तुमची?”

मी थांबलो.

“मागे या. पार शेवटी. आजपासून तुम्ही गार्डाचा डबा.”

“अहो पण बाई, मी तर पुढे होतो.”

“म्हणूनच म्हणतेय, मागे या.”

मग त्यांनी मला नियम समजावले. शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांच्या रांगा नेल्या होत्या. दांडगट पोरगं पुढे ठेवलं की ते पळत सुटतं आणि शेवटचं पोरगं हरवतं. हळू चालणारं पुढे ठेवलं की कुणीच हरवत नाही. म्हणून इंजिनाच्या पुढे जायचं नाही. इंजिन थांबलं की सगळ्यांनी थांबायचं. रस्ता ओलांडताना इंजिनानं ‘चला’ म्हटल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही, आणि त्याला घाईही करायची नाही. आणखी एक नियम होता, नवरा-बायकोनं शेजारी चालायचं नाही. सुरुवातीला एका जोडप्यानं सिलिंडर कुणी नोंदवायचा यावरून थेट रस्त्यातच भांडण काढलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

मी घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. सिलिंडरचं ऐकून तिनं लाटणं खाली ठेवलं आणि हसली. मग विचारलं, “इंजिन कोण आहे?”

“एक आजी आहेत. गुडघे दुखतात त्यांचे.”

“आणि सगळे त्यांच्या मागे?”

“सगळे.”

त्यानंतर रोज परत आलो की ती विचारायची, आज कुठपर्यंत गेलात, आजी काय म्हणाल्या. मीही सविस्तर सांगायचो, कारण तिला बाहेरचं काही सांगावं आणि तिनं ते आवडीनं ऐकावं, असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी ती द्वारकेच्या मोठ्या चौकात रस्ता ओलांडत होती. पलीकडच्या शिंप्याकडे दोन ब्लाऊज शिवायला टाकले होते, ते आणायला निघाली होती. एका दुचाकीचा धक्का लागला, ती पडली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला. एक्स-रे मी स्वतः खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, हाड नीट जुळलं होतं. पण ती कॉलनीच्या फाटकाबाहेर पायी जाईना. गाडीतून यायची, तेही द्वारका आली की डोळे मिटून बसायची. आमच्या घरापासून द्वारका पाचशे मीटरसुद्धा नाही. पलीकडे तिची भाजीवाली, तिची भिशी, तिची मैत्रीण. सगळं हळूहळू बंद झालं. शिंप्याचे दोनदा फोन आले. मी म्हटलं, मी आणतो ब्लाऊज, त्यात काय. ती म्हणाली, “राहू देत तिकडेच. मी आणीन.” मी पुन्हा कधी विचारलं नाही, पण ते ब्लाऊज तिकडेच आहेत हे आम्हा दोघांच्याही डोक्यात असायचं.

थंडी सुरू झाली आणि आजी पुण्याला लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी रांग आमच्या बाल्कनीखाली थांबवली. बायको वर उभी होती. रोजच असायची, हे मला तेव्हा कळलं. मी शेवटचा डबा असल्यामुळे मला ती कधी दिसलीच नव्हती. मी तिथं पोचेपर्यंत ती आत जायची.

“वहिनी!” बाईंनी वर पाहून हाक मारली. “आमचं इंजिन पुण्याला गेलंय हो. गाडी बंद पडलीय. येता का?”

“मला नाही जोरात चालता येत,” ती वरून म्हणाली.

“जोरात चालणारे हे ढीगभर आहेत माझ्याकडे. मला हळू चालणारं माणूस पाहिजे.”

आमच्या रांगेत एक गुरुजी आहेत. चालून झालं की ते रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायला जातात. ते म्हणाले, “या हो वहिनी. तुमचे यजमान मागे कुरकुरत असतात, आमचा तरी विचार करा.”

ती खाली आली. अंगात माझा जुना स्वेटर, डोक्याला जांभळा स्कार्फ. बाईंनी तिला पुढे उभं केलं, मी माझ्या जागी शेवटी. मधे बारा-तेरा माणसं. एवढ्या लांबून मी बायकोला चालताना बहुतेक लग्नानंतर प्रथमच पाहत होतो.

फाटकाशी ती थांबली. रांग थांबली. ती वळली, तसे सगळे वळले, आणि त्या दिवशी आम्ही कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

“प्रदक्षिणाच घालायच्या तर मला निदान एक नारळ तरी द्या,” गुरुजी म्हणाले.

ती मागे वळून म्हणाली, “गुरुजी, तुमची चप्पल घासतेय. पाय उचला जरा.”

सगळे हसले. सर्वात मोठ्यानं मी हसलो असणार, कारण बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. दीड वर्षात ती परक्या माणसाला असं पटकन काही बोलली नव्हती. त्याच आठवड्यात ती फाटकाबाहेर पडली. थांबली, दोन्हीकडे पाहिलं, मग ‘चला’. नंतर मारुतीच्या देवळापर्यंत, मग त्या वळणापर्यंत, जिथून द्वारकेचा उड्डाणपूल दिसायला लागतो. तिथे ती रोज थोडा वेळ उभी राहायची आणि मग वळायची.

एका शुक्रवारी बाईंनी जाहीर केलं, “रविवारी तपोवन. येताना मिसळ. रस्सा एकदाच, साखरवाल्यांनी जिलेबीकडे बघायचंही नाही.”

तपोवन म्हणजे द्वारका ओलांडणं आलं. ती बाईंना म्हणाली, “आजी येणार का रविवारपर्यंत?”

“कुठल्या! अजून नातू झाला नाही त्यांना.”

“मग मी नाही आले तर?”

“तर पुन्हा टाकी. आम्हाला काय, टाकीही चांगलीच आहे.”

ती म्हणाली, “येते.”

शनिवारी कारखान्यातून येताना मी द्वारकेवर उतरून उभा राहिलो. कुठल्या बाजूची वाहनं कधी थांबतात, कुठून वळतात, मालेगावकडून येणारे ट्रक कुठल्या कडेनं येतात, सगळं पाहून घेतलं. जेवताना मी टेबलावर वाट्या मांडल्या. ही पुण्याकडची बाजू, ही मुंबईकडची, मधे मिठाची बाटली म्हणजे पुलाचा खांब.

“इथून निघालीस की खांबापाशी एकदा थांबायचं. मग या वाटीकडे बघायचं.”

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अहो, ती मुंबई द्या इकडे. आमटी वाढायचीय.”

रविवारी कडाक्याची थंडी होती. बाई कानटोपी घालून आल्या, गुरुजींनी धोतरावर जाकीट चढवलं होतं. आम्ही निघालो. वळण आलं, पूल दिसला आणि रांग पुढे सरकत राहिली. माझ्या छातीत धडधड होत होती. ती साखरेची नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

द्वारकेवर रांग फुटपाथच्या कडेला थांबली. सकाळ असली तरी वर्दळ होतीच. भाजीचे टेम्पो, एस.टी., सीटसाठी ओरडणारे रिक्षावाले. वाहनं थांबली. मला मधल्या टोप्यांच्या फटीतून फक्त जांभळा स्कार्फ दिसत होता. तो हलला नाही. वाहनं पुन्हा सुटली.

बाईंच्या ओठांत शिट्टी होती, पण ती वाजली नाही. पुन्हा वाहनं थांबली. स्कार्फ थोडा पुढे झाला, म्हणजे तिनं एक पाय खाली ठेवला असावा, आणि परत मागे आला. मला पुढे पळत जावंसं वाटलं. तिचा हात धरून मीच ‘चला’ म्हणावं असं वाटलं. मी अर्धं पाऊल उचललंही, तर बाईंनी वळून माझ्यावर बोट रोखलं. मी पाय होता तिथे ठेवला.

एक रिक्षावाला ओरडला, “ओ काका, मोर्चाय का? जायचं तर जा ना भाऊ!”

गुरुजी म्हणाले, “इंजिन तापतंय बाबा. तू हो पुढे.”

पुढून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. तो तिचा होता. वाहनं तिसऱ्यांदा थांबली आणि मला ऐकू आलं, “चला.”

ती ओरडली नव्हती. जेवायला वाढलंय हे सांगताना तिचा जो आवाज असतो, तोच. रांग हलली. तिनं धावपळ केली नाही, आपल्या चालीनं निघाली, आणि ती तशी चालली म्हणून आम्हीही सगळे तसेच. पुलाच्या खांबापाशी थांबली, डावीकडे पाहिलं, पुन्हा ‘चला’. मागून हॉर्न वाजायला लागले. मी शेवटचा, माझ्या पाठीला लागूनच एक मोटारसायकल सुर्रकन गेली, आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्या मोटारसायकलवाल्याला हात केला.

पलीकडे पोचल्यावर बाईंनी शिट्टी वाजवली, शाळेची सुट्टी झाल्यासारखी लांबलचक. दोघं-तिघं टाळ्या वाजवायला लागले. बायको मागे वळली.

“थांबलात काय? तपोवन इथंय का?”

तपोवनात नदीवर धुकं होतं. मिसळ झाली, रस्सा बहुतेकांनी दोनदा घेतला, आणि जिलेबीकडे मी पाहिलं. येताना द्वारकेवर ती एवढ्या लगेच ‘चला’ म्हणाली की गुरुजींना धोतराचा सोगा धरून पळावं लागलं. “अहो इंजिन, मागे डबे आहेत!” ते ओरडत होते.

पण त्याआधी, रस्ता ओलांडण्यापूर्वी, ती रांग सोडून दोन दुकानं पुढे गेली होती. मी आपली जागा सोडून तिच्या मागे गेलो. नियम मोडला, पण बाईंनी त्या वेळी पुलाकडे पाहायला सुरुवात केली होती. शिंप्याचं शटर बंद होतं. रविवार.

मला वाईट वाटलं. इतक्या दिवसांनी ती इथवर आली आणि शटर बंद. मी म्हटलं, “काही नाही, आता पुढच्या रविवारी येऊच आपण सगळे.”

तिनं शटरवर रंगवलेल्या वेळा वाचल्या.

“उद्या अकराला उघडतो,” ती म्हणाली. “तुम्ही कामावर असाल.”

मी ‘सुट्टी काढतो’ म्हटलं नाही. रात्रीही नाही. सकाळी डबा घेताना तिनं खुर्चीवर काढून ठेवलेला स्कार्फ मला दिसला, तरी नाही.

कारखान्यात फोन कपाटात ठेवायचा असतो. त्या सोमवारी मी साहेबांना सांगून तो खिशात ठेवला. माझ्या हातात व्हर्निअर होतं आणि एकच भाग मी पुन्हा पुन्हा मोजत होतो. साडेअकरा वाजून गेले. मग फोन वाजला.

“अहो, एक ब्लाऊज बसतोय,” ती म्हणाली, “दुसरा दंडात घट्ट होतोय. तुम्ही काय मापं घेता एवढी, बायको जाड झाली ते दिसलं नाही का? आता आणखी चालायला...”

पुढचं मला ऐकूच आलं नाही. तिच्या मागे एवढे हॉर्न वाजत होते.