मशीन उलटं पळालं तेव्हाची गोष्ट

आमचे मालक चन्नवीर शाळेच्या मैदानाचे माळी. तीस वर्षं झाली. गवत कापायचं मशीनही तितकंच जुनं, लोखंडी, जड. घरात माझ्या हातून बरणी फुटली तरी हूं की चूं करणार न्हाईत, पण त्या मशीनला कुणी टेकून उभं राहू दे, असे खेकसतात की बघायला नको!

मी गौरम्मा. गल्लीच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी हाय.

यंदा गणपती झाले नि मशीनचं इंजिन शेवटच्या घटका मोजायला लागलं. कापायचं कमी, खोकायचं जास्त, आणि धूर एवढा की पोरं वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायची. शाळेचे सेक्रेटरी उदयसिंह सर म्हणाले, "चन्नवीर, शुक्रवारी सकाळी मशीन चालवून दाखवा. न्हायतर भंगारात घालू आणि गवताचं काम कंत्राटदाराला देऊ."

"आणि मी, सर?"

"तुमी आता आराम करा की."

आराम म्हणे! हा माणूस एक रविवार घरी बसला तरी गिरणीत येऊन मला दळण शिकवतो. रोज बसले तर एक तर गिरणी बंद पडेल, न्हायतर संसार. थट्टा सोडा, त्या रात्री ते जेवले न्हाईत. भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीला गेले आणि कुणाच्या तरी शेतातल्या यंत्राचं जुनं इंजिन घेऊन आले. म्हणे, "तीनदा चालू करून ऐकलं. आवाज एकदम गोड हाय." आमच्या मालकांचा सगळा विश्वास कानांवर. डॉक्टर नाडी बघतो तसं हे डोळे मिटून इंजिन ऐकतात. दोन दिवस खपून त्यांनी ते मशीनवर बसवलं, साखळी चढवली.

गुरुवारी दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हाच चालू केलं. आणि काय सांगू! मशीन पुढं जायचं सोडून मागं पळायला लागलं. हे दांडी सोडेनात. उलटी पावलं टाकत टाकत पार गटारापर्यंत गेले, तिथं कसंबसं बंद केलं. पोरं टाळ्या पिटायला लागली. मी पण हसले, खोटं कशाला बोलू.

"अगं यव्वा," म्हणत ते खालीच बसले. त्या इंजिनच्या तोंडाशी गिअर होता, म्हणून त्याचा दांडा उलटा फिरत होता. कानांनी ऐकलं, पण डोळे मिटलेले, मग दिसणार कसं? इंजिन फिरवून बसवावं तर पेट्रोलची टाकी आडवी येत होती.

"संपलं, गौरम्मा. उद्या सकाळी कुटलं जमतंय?"

माझं डोकंच फिरलं. "अवो, तीस वर्षं माझ्या गिरणीत येताय, पट्टा कधी बघितला का? मोटर एकीकडं फिरती, जातं दुसरीकडं. मधी पट्ट्याला तिढा दिलाय म्हणून! साखळीला तिढा बसत न्हाय, पट्ट्याला बसतो. उठा."

गिरणी बंद करून मी जुना पट्टा आणि दोन पुल्या काढल्या. शेजारच्या वेल्डिंगवाल्या सिद्धूनं साखळी उतरवून त्या पुल्या मशीनवर बसवून दिल्या. पट्ट्याला तिढा मी माझ्या हातानं दिला. मालक पाना धरून माझे हात बघत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच ते माझ्याकडून काही शिकत होते.

शुक्रवारी सकाळी उदयसिंह सर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मालकांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा... तिसऱ्यांदा इंजिन चालू झालं आणि मशीन नाकासमोर सरळ निघालं, मागं कापलेल्या गवताची हिरवी वाट सोडत.

सरांनी कमरेवरचे हात खाली घेतले. मग मला म्हणाले, "कंत्राटदाराला नको म्हणून कळवतो. चन्नवीरला सांगा."

सांगणार कसं? त्या आवाजात त्यांना काय ऐकू येतंय! मी लुगडं सावरत अर्धं मैदान पळाले. "अवो, थांबा! ऱ्हायलं तुमचं काम! सर म्हणाले, ऱ्हायलं!"

त्यांनी इंजिन बंद केलं. खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तोंड झाकून उभे राहिले. मला कळलं की. माझेही डोळे भरून आले, तिथंच, सगळ्या शाळेसमोर.

मग टॉवेलाआडून आवाज आला, "सरक बाजूला. निम्मं मैदान राहिलंय अजून."