खिशातला हात

फोन आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांकडे आला. आमचा स्वतःचा फोन अजून टेलिफोन खात्याच्या यादीत अडकलेला आहे, त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या बऱ्यावाईट बातम्या आधी कुलकर्णीवहिनींना कळतात आणि मग मला. त्या दारात येऊन "लवकर चला, फोन आहे" म्हणाल्या, तसा मी अनवाणीच धावलो. रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडे रघूचा मेहुणा. "सावंत, भावोजी गेले हो. आंघोळीचं पाणी काढत होते, तिथेच बसले..." आणि मी काय बोललो? "असा कसा जाईल? उद्या डेमो आहे." तोंडातून गेलं ते गेलंच. आता महिना उलटून गेला, पण तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. प्रयत्न करतो, जमेलच याची खात्री नाही.

रघुनाथ पेडणेकर, माझा मित्र आणि धंद्यातला भागीदार. साकीनाक्याला एका औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर आमचा गाळा आहे, तिथे आम्ही पॉवर प्रेसचे गार्ड बनवतो. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्यावर दाणकन आदळून त्यातून झाकणं, वॉशर, बिजागऱ्या कापून काढणारं मशीन. कामगार पत्रा आत सरकवतो, पायाने पेडल दाबतो, ठोका पडतो. दिवसभर हेच. एखाद्या दिवशी हात बाहेर यायच्या आधी ठोका पडतो. गार्ड म्हणजे मशीनच्या तोंडाशी बसवलेला जाळीचा पिंजरा. तो खाली येऊन खटका दाबल्याशिवाय मशीन चालत नाही, आणि तो खाली असताना हात आत जात नाही. इतकी साधी गोष्ट. पण ती मालकांच्या गळी उतरवताना आमच्या तोंडाला फेस यायचा, कारण गार्ड लावला की काम थोडं मंदावतं, आणि मंदावलेलं काम कुठल्याच मालकाला बघवत नाही.

रघू तरुणपणी घाटकोपरच्या एका कारखान्यात अशाच प्रेसवर कामाला होता. तिथे त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची. मी त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. पट्टी सुटून हा कामावर परत आला तो थेट माझ्या टेबलाशी. म्हणाला, "सावंत, हात आतच जाणार नाही असं काहीतरी काढून दे यार." तिथून आमची भागीदारी सुरू झाली. मी बनवायचं, त्यानं बोलायचं. आणि बोलायचा कसा! हल्ली 'प्रेझेंटेशन' हा शब्द निघालाय, तेव्हा आम्ही नुसतं 'डेमो' म्हणायचो. रघू कधी मालकाच्या केबिनमध्ये गार्डपासून सुरुवात करायचा नाही. आधी खाली शेडमध्ये जाऊन नुसता बघत राहायचा. वर येताना तिथेच पडलेलं एखादं झाकण, एखादी बिजागरी उचलून आणायचा आणि मालकाच्या टेबलावर ठेवायचा. "तुमची ही बिजागरी झकास आहे. याची कड अशी साफ कशी काय येते?" मालक खूश होऊन अर्धा तास स्वतःच बोलायचा, कुठे माल फुकट जातो, कुठली पाळी ढिली पडते. आणि मग रघू त्याच्याच शब्दांत त्याचीच अडचण त्याला परत सांगायचा, मध्ये आमचा गार्ड बसवून. समोरच्याला वाटायचं, ही कल्पना आपलीच.

हे सगळं तो एका हातानं करायचा. दुसरा, म्हणजे डावा हात, पँटच्या खिशात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

तुम्हाला वाटेल लाज वाटत असेल. अजिबात नाही! भटवाडीतल्या त्याच्या कॅरम क्लबात हाच हात बोर्डाच्या मधोमध टाकून तो ओरडायचा, "या, आठ बोटांत तुमची वाट लावतो." लग्नाच्या पंगतीत समोरच्या पोरांना तुटलेल्या बोटांची गंमत करून दाखवायचा. नलिनीवहिनी, म्हणजे त्याची बायको, ओशाळायच्या, हा हसायचा. फक्त डेमोला गेला की हात खिशात. मग मी चिडणार नाही तर काय?

त्यातच मी अंधेरीच्या एका हॉटेलात विक्रीकलेचा कोर्स करून आलो. टायवाल्या एका गृहस्थांनी आम्हाला शिकवलं की ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात धक्का द्या, काळजाला हात घाला, आकडे नंतर. मी भारावून गेलो. ओव्हरहेड प्रोजेक्टर भाड्यानं आणला, रात्री जागून पारदर्शक कागदांवर रंगीत पेनांनी चित्रं काढली. मरोळच्या पहिल्याच डेमोत रघूनं दुसऱ्या चित्रालाच प्रोजेक्टर बंद केला. "भिंतीवर उजेड पाडला की माणसं भिंतीकडे बघतात रे. मला त्यांचे चेहरे दिसायला हवेत." ठीक आहे म्हटलं, प्रोजेक्टर नको. पण मग धक्का? धक्का द्यायला आपल्याकडे जे आहे ते मुंबईत दुसऱ्या कुणाकडे नाही!

"हात काढ खिशातनं," मी म्हटलं. "एकदा टेबलावर ठेव. पुढे काही बोलूच नकोस."

"आणि मग?"

"मग काय, माणूस हलेल."

"हलेल ना. चहा मागवेल, दुखतं का विचारेल, पाठीवर हात ठेवेल. गार्डबद्दल कोण विचारणार? दया आली म्हणून घेतलेली वस्तू दया ओसरली की माळ्यावर जाते, सावंत. त्याला हिशोब पटला पाहिजे."

हा वाद आम्ही किती वर्षं घातला! घरी, गाळ्यात, स्कूटरवर, पार वहिनींनी ताट वाढून "आता गिळा दोघं" म्हणेपर्यंत. मी म्हणायचो, अरे तत्त्वानं पोट भरत नाही. तो म्हणायचा, तुझं सुटलेलं दिसतंय की. असल्या माणसाशी काय बोलणार?

मग मुलुंडचं प्रकरण झालं. बिजागऱ्यांचा कारखाना, प्रेसची लांबलचक रांग. मालकांना सगळे भाईसाहेब म्हणत. रघूनं त्या दिवशी केबिनमध्ये जी मांडणी केली तशी मी पुन्हा ऐकली नाही. भाईसाहेब मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "पेडणेकर, मला पटलं. पण कामगारांना नको असतं. ते पीसरेटवर आहेत, नगामागे पैसे. गार्डमुळे नग कमी पडले की त्यांचा पगार कमी. तारेनं खटका दाबून गार्ड वर बांधून ठेवतील."

"मला त्यांच्याशी बोलू द्या," रघू म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सगळे जमले. निम्म्याहून जास्त आमच्याच मुलखातले. मी मनात म्हटलं, आता तरी काढेल. मालकापुढे नाही काढला, समजू शकतो. ही आपली माणसं, हाताचं मोल त्यांना नाही कळणार तर कुणाला? रघू मालवणीत बोलायला लागला तशी माणसं हसली, सैल झाली. गार्ड कसा चालतो ते त्यानं सांगितलं. मग बाबी घाडी म्हणून एक जुना कामगार उभा राहिला. "नग कमी पडतले का नाय, ता सांग आधी."

इथे कुठल्याही विक्रेत्यानं काय केलं असतं? विषय बदलला असता. हात दाखवला असता! रघूनं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "वायच कमीच पडतले. खोटा कित्याक सांगू?"

"मगे पोटाक काय तुझो गार्ड घालू?" घाडी म्हणाला. हशा झाला. माणसं डबे आवळून उठली. दाराशी उभे असलेले भाईसाहेब माझ्याकडे बघून हसले, बघा, मी सांगत नव्हतो? रघू तिथेच उभा, डावा हात खिशात. मनात आलं, पुढे व्हावं आणि मनगटाला धरून तो हात बाहेर ओढावा. बाहेर आल्यावर मी रस्त्यात ओरडलो त्याच्यावर, लोक वळून बघत होते. तो फक्त एवढंच म्हणाला, "त्याचं बरोबर होतं रे. गार्डच्या आधी रेट वाढायला पाहिजे."

पुढच्या दिवाळीच्या आत बाबी घाडीची बोटं गेली.

बातमी कळली तसा रघू इस्पितळात गेला, आणि मग रोज जात राहिला. एकदा त्याच्याबरोबर मीही गेलो. घाडी भिंतीकडे तोंड करून पडला होता. रघू खाटेवर बसला, आणि तो डावा हात, जो मी इतकी वर्षं मागत होतो, तो सरळ त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "ह्या बघ. आंगठो आसा, ही दोन बोटां आसत. बटान लागता, डबो उघडता, कॅरम खेळाक येता." आणि स्वतःच्या शर्टाचं बटण काढून, लावून, परत काढून दाखवायला लागला. घाडी बघत होता. काही वेळानं त्यानं पट्टी बांधलेला हात पांघरुणाबाहेर घेतला.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. डोळे भरून आले होते, हे खरं आहे. आणि त्याच वेळी मी असा संतापलो होतो की भिंतीवर डोकं आपटावं! इथे दाखवतोस? बोटं गेल्यावर? कँटीनमध्ये हेच एकदा केलं असतंस तर? तो बाहेर आल्यावर मी त्याला हे विचारलं, याच शब्दांत. उघडं राहिलेलं शर्टाचं बटण त्यानं लावलं. मग म्हणाला, "घाबरून त्यानं गार्ड लावला असता. पगाराच्या दिवशी काढला असता. पोराबाळांचा माणूस तो..." मला नाही पटलं. कदाचित गार्ड खाली राहिला असता त्याच दिवसांत वाचली असती बोटं, कुणी सांगावं? पण तोही काही फार खात्रीनं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं. त्यानंतर कितीतरी दिवस तो कॅरम खेळायला गेला नाही.

भाईसाहेबांनी घाईघाईनं सगळ्या प्रेसना गार्ड घेतले. रेट मात्र तोच ठेवला. मग व्हायचं तेच झालं, महिन्याभरात एकेक गार्ड तारेनं वर बांधला गेला. आमचे पैसे मिळाले होते, धंद्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. रघूच्या दृष्टीनं तो तिथून सुरू झाला. दर दोन-तीन महिन्यांनी तो भाईसाहेबांकडे जायचा आणि पुन्हा डेमो द्यायचा. विकायला काही नाही, नुसता रेट वाढवा म्हणून! थोडा रेट वाढवला तर गार्ड खाली राहतील, अपघात टळतील, नवा माणूस शिकवण्यात जाणारा वेळ वाचेल, माल फुकट जाणार नाही. दर वेळी मांडणी नवी, उदाहरणं नवी. भाईसाहेब चहा पाजून परत पाठवायचे. मी म्हणायचो, "तुला काय नाद लागलाय? दुसरी गिऱ्हाइकं मेली का?" तो पुढची मांडणी तयार करायला बसायचा. ज्या दिवशी तो गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हाच डेमो होता.

दिवसकार्य आटोपल्यावर मी एकटा मुलुंडला गेलो. त्याची मांडणी ऐकून ऐकून मला तोंडपाठ होती. शेडमधून एक बिजागरी उचलली, टेबलावर ठेवली आणि सुरू केलं. मला त्याच्यासारखं येत नाही. दुसऱ्याच वाक्याला भाईसाहेबांनी हात वर केला. चष्मा काढून पुसला. "राहू द्या, सावंत. पेडणेकर गेल्याचं कळलं आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. किती वेळा आला बिचारा माझ्याकडे... त्याच्या नावानं रेट वाढवतो. जा, सांगा सगळ्यांना."

बिचारा! रघू ऐकता तर उठून निघून गेला असता. हिशोब पटला असेल तर वाढवा, माझ्या नावानं नको, असं तोंडावर सांगून. जे येऊ नये म्हणून त्यानं इतकी वर्षं एक हात खिशात कोंडून ठेवला, ते त्याच्या मरणाच्या पाठीवर बसून आत आलं होतं. आणि मी? मी लगेच हो म्हटलं. वर "लेखी द्या" असंही म्हटलं, आणि कागद घेऊनच उठलो. खाली शेडमध्ये घाडीच्या जागी आता दुसरा माणूस बसतो. त्यानं पक्कड आणून माझ्यादेखत तार कापली आणि गार्ड खाली आला. भाईसाहेबांचं दुःख ओसरेपर्यंत तरी तो खाली राहील. पुढचं देव जाणे.

आमच्या गाळ्यात कोपऱ्यात एक ड्रिलिंग मशीन आहे. प्रत्येक डेमोच्या आधी रघू त्या मशीनला मालक समजून तिच्यासमोर सगळं बोलून बघायचा, आणि मी मध्ये काही चूक काढली की चिडायचा. चिडला की अरेतुरे बंद. "अहो सावंतसाहेब, तुम्हीच करा मग डेमो." मुलुंडहून परत आलो, शटर वर केलं आणि त्या मशीनसमोर उभं राहून त्याला सगळं सांगून टाकलं. तुझ्या मरणावर विकून आलो म्हटलं, आणि मला त्याची लाज नाही वाटत. मग थांबलो. आता कुणीतरी मला "अहो सावंतसाहेब" म्हणायला हवं होतं...

चिड ना रघ्या. निदान भांडायला तरी ये.