राखीव स्क्वाड्रनचा हरवलेला पाना

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी वर्षातून तीन आठवडे सैनिक होतो. एरवी तो माझ्यासारखाच गाड्यांच्या ब्रेकचे रिपोर्ट लिहितो. पण जर्मन लष्कराच्या एका राखीव हेलिकॉप्टर स्क्वाड्रनमध्ये तो मेकॅनिक आहे आणि बोलावणं आलं की कंपनी त्याला सोडते. मग त्याचे रिपोर्ट कोण लिहिणार? मी. त्यामुळे या स्क्वाड्रनबद्दल मला प्रेम वाटण्याचं काही कारण नव्हतं.

तिचा इतिहास कँटीनमध्ये ऐकून ऐकून मला तोंडपाठ झाला होता. पूर्वेकडून रणगाडे येणार म्हणून ती उभी केली. रणगाडे आलेच नाहीत. मग पुरात छपरांवर अडकलेली माणसं उतरवली, आल्प्समध्ये पाय मोडून बसलेले हौशी गिर्यारोहक उचलून आणले. पुढे शांतता झाली म्हणून हेलिकॉप्टरं मोडीत काढली, आणि आता पुन्हा युद्धाची भीती वाटायला लागल्यावर या पोट सुटलेल्या काकांना फोन गेले. नेहमीचे सैनिक परदेशी गेले की त्यांची जागा यांनी घ्यायची. देशाचं रक्षण म्हणे! निम्म्यांना वाकून बुटाची नाडी बांधता येत नसेल.

तरी त्यांचा तळ लोकांना बघायला खुला असतो त्या ओपन डेला मी गेलो, तो सासऱ्यांसाठी. भारतात भाड्याने हेलिकॉप्टर देणाऱ्या एका छोट्या कंपनीत ते मेकॅनिक होते. इंगोलश्टाटला आमच्याकडे महिनाभर राहिले, पण काही मागितलं नाही. म्युनिकसुद्धा नको म्हणाले. फक्त एकदा हेलिकॉप्टर जवळून उडताना बघायचं होतं. नोकरी सोडल्यापासून त्यांनी ते पाहिलं नव्हतं. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं, आणि या वयात पुन्हा येणं होणार नव्हतं.

उड्डाण दोनला होतं. सासरे दीडपासूनच प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीला खेटून उभे. सव्वादोन झाले. हेलिकॉप्टर तयार, पायलट आत, आणि आमचे सहकारी महाशय गवतात रांगतायत! अवजारांच्या ट्रेमध्ये प्रत्येक पान्यासाठी त्याच्या मापाचा खळगा असतो. त्यातला एक रिकामा होता. तो पाना चुकून यंत्रात राहिला असेल म्हणे, सापडेपर्यंत उड्डाण नाही. सात-आठ काका ओणवे होऊन हँगरसमोरच्या गवतात फिरत होते आणि लोक बिअर पीत मजा बघत होते.

तीन वाजता उड्डाण रद्द झाल्याचं जाहीर केलं. माझं डोकंच फिरलं. दोरीपाशी आलेल्या सहकाऱ्याला मी जर्मनमध्ये झापलं, "एका पान्यासाठी? हे गृहस्थ भारतातून आलेत. दुसरा पाना ठेवा तिथे आणि उडवा की!"

"गेनाऊ, बरोबर, एका पान्यासाठी," तो म्हणाला आणि परत शोधायला गेला.

"काय म्हणालात हो त्यांना?" सासऱ्यांनी विचारलं. मी मोठ्या ऐटीत सगळं मराठीत सांगितलं. वर म्हणालो, "नुसती सर्कस आहे, बाबा."

 ते हेलिकॉप्टरकडे बघत म्हणाले, "आमचे मालक हेच म्हणाले होते."

"कधी?"

"असाच एक कमी होता. मी तीनदा मोजले. मालक म्हणाले, गिऱ्हाईक खोळंबलंय, दुसरा आणून ठेव आणि सही कर."

"मग?"

"केली सही. हेलिकॉप्टर काही परत आलं नाही. संध्याकाळी पायलटच्या घरी सांगायला मलाच पाठवलं. त्याची बायको म्हणाली, बसा ना भाऊजी, येतीलच ते, तुम्हा दोघांचा चहा एकदमच टाकते."

 ते दोरीखालून आत गेले, पँट जराशी वर ओढली आणि त्या काकांच्या रांगेत गवतावर गुडघे टेकून शोधायला लागले. त्यांना कोणी अडवलं नाही. मी मात्र बाहेरच थांबलो. त्यांच्यात जाऊन उभं राहायची माझी लायकी नव्हती.