मटणात दूध

लग्न झाल्यापासून आमच्या घरात रविवारचं मटण मी करतो. बाकीचे दिवस स्वयंपाकघर बायकोचं. तिथं मी पाण्याचा तांब्या उचलला तरी तिला अडचण होते. रविवारी मात्र परसात तीन दगडांची चूल पेटते आणि तिचा कारभारी मी. फौजेत होतो तेव्हा सुट्टीवर आलो की हेच चालायचं, आणि पेन्शन घेऊन ऊस सांभाळायला लागलो तेव्हाही हेच चाललं. पलूसकडच्या आमच्या भागात मटण करणारे पुरुष पुष्कळ आहेत, आणि आपल्या हातचा रस्सा पंचक्रोशीत कुणाला जमत नाही असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटतं.

बायकोला तसं कधी वाटलं नाही. पहिला घास तोंडात गेला की तिचं सुरू व्हायचं. "मीठ कमी हाय." "कांदा करपलाय." "एवढं तेल वतलंय, ट्रॅक्टरला घालायचं व्हतं का?" माझं डोकं फिरायचं. एकदा तर भरलं ताट सोडून उठलो होतो. पण नावं ठेवताना तिचा हात कधी थांबला नाही. बोलता बोलता वाटीभर रस्सा जास्तच घ्यायची.

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. मिरजेला केमो सुरू झाली. केस गेले ते तिनं हसण्यावारी नेलं, डोक्याला पदर घट्ट बांधला आणि म्हशीच्या धारा काढायला बसली. पण पुढं तोंड आलं. जीभ सोलून निघाल्यासारखी लाल झाली, आणि चव गेली ती गेलीच. भाकरी माती लागते म्हणायची, चहा माती लागतो म्हणायची. नंतर तर तेही म्हणेना. काहीही पुढं ठेवलं की दोन घास खायची, ताट बाजूला सारायची आणि म्हणायची, "चांगलं झालंय."

त्या दोन शब्दांना मी जेवढा घाबरलो तेवढा सीमेवरच्या गोळीबारालाही घाबरलो नव्हतो. ज्या बाईनं जन्मात माझ्या रश्शाला चांगलं म्हटलं नाही, ती मऊ भाताला चांगलं म्हणत होती. तिला चवच कळत नव्हती आणि भांडायचं त्राणही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल. मटण, अंडी, काय जाईल ते पोटात जाऊ द्या, पण मऊ आणि बिनतिखट.

बिनतिखट मटण म्हणजे आमच्याकडं अळणी पाणी. मटण शिजवलेलं नुसतं पाणी, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात ते. मी केलं. तिनं अर्धी वाटी प्यायली. "चांगलं झालंय."

आमची मुलगी साताऱ्याला असते, नोकरी करते. दवाखान्याच्या दिवशी यायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. तिला एक गोष्ट आठवली. पूर्वी एकदा आम्ही तिच्याकडं गेलो होतो, तेव्हा तिनं इटलीकडचा पास्ता केला होता. लांब लांब शेवयांवर खिम्याचा दाट लाल सॉस, त्यात मिरचीचा पत्ताच नाही. तेव्हा तिच्या आईनं काट्याचमच्याला हात न लावता, बोटांनी खात निकाल दिला होता, "ह्या शेवया कच्च्या हायत. आनि ह्यो खिमा हाय का चटनी?" वर दोनदा मागून घेतला होता. मुलगी म्हणाली, "आप्पा, आईनं तिखटाशिवायचं मटण आयुष्यात एकदाच मागून खाल्लंय. तेच करू या. मी फोनवर सांगते, तुम्ही करा. रविवार तुमचाच आहे."

मटणवाल्याकडं गेलो. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून आम्ही त्याच दुकानात जातो. मी दिसलो की तो विचारायच्या आधीच नळ्या बाजूला काढतो. "मेजर, आज खिमा?" त्याला नवल वाटलं. म्हटलं, तिचं तोंड आलंय, चावत नाही. त्यानं खिमा यंत्रातून काढला आणि परत एकदा घालून काढला.

मंद आच लागते म्हणून चूल बाजूला राहिली आणि मी पहिल्यांदा मटण घेऊन बायकोच्या स्वयंपाकघरात शिरलो. ती दारात खुर्चीवर बसून होती, डोळे मिटून. खिडकीत फोन उभा केला आणि त्यातून मुलगी हुकूम सोडत होती. कांदा बारीक, गाजर त्याहून बारीक. सेलरी नावाचा पाला तुमच्या बाजारात मिळायचा नाही, तो सोडा. खिम्याचं पाणी आटू द्या, तांबूस होऊ द्या. खरं तर ह्यात वाइन घालतात, म्हणाली. मी म्हटलं, कँटीनची रम आहे की. "आप्पा, रम नाही!" माझा उजवा हात मधेच आपोआप कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीकडं गेला तेव्हा ती साताऱ्याहून एवढ्या जोरात ओरडली की बरणी हातातून सुटता सुटता राहिली.

मग ती म्हणाली, "आता कपभर दूध घाला."

मटणात दूध! आमच्या घरात मटणाच्या दिवशी कुणी चहासुद्धा जेवणानंतर लगेच पीत नाही. मटणावर दूध घेतलं की अंगावर पांढरे डाग उठतात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. ह्याच मुलीला रविवारी रात्री दूध मिळालं नाही कधी. तिच्या आईनं ते पातेलं फडताळात वर ठेवून दिलेलं असायचं. मी "बरं, बरं" म्हणालो आणि फोन पालथा घातला. दूध घातलं नाही. टोमॅटो सोलून कुस्करले, घातले आणि झाकण ठेवलं.

सॉस दिसायला झकास झाला. ताटात वाढला. तिनं एक घास घेतला, आणि टोमॅटोचा आंबटपणा त्या सोललेल्या जिभेला झोंबला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं तो घास तसाच गिळला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चांगलं झालंय."

मी उठून गोठ्यात गेलो आणि म्हशीला नाही नाही ते बोललो. ती बिचारी रवंथ करत माझ्याकडं बघत राहिली.

मुलीनं संध्याकाळी विचारलं, दूध घातलं होतं का? नाही म्हणालो. "आप्पा, टोमॅटोचा आंबटपणा दुधानंच तर मोडतो!"

"अगं, पण डाग उठत्यात."

ती म्हणाली, "आईच्या अंगात केवढं विष सोडतात ते तुम्ही बाजूला बसून बघता. आणि घरच्या म्हशीच्या दुधाला भिताय?"

मला राग आला, कारण ती बरोबर होती.

पुढच्या रविवारी परत तोच घाट घातला. तोच खिमा, तेच गाजर. बायको दारात खुर्चीवर होती, पण ह्या वेळी जागी. खिम्याचं पाणी आटलं, खाली लालसर खरपूस थर धरला. मी दुधाचं पातेलं उचललं आणि तिच्याकडं वळलो. चोरून करायचं नव्हतं. म्हटलं, "ह्यात दूध घालाय सांगितलंय लेकीनं." आणि वाट बघत उभा राहिलो. माझी खात्री होती, आता ही उठेल, पातेलं हिसकावून घेईल, माझा आणि लेकीचा उद्धार करील. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

ती म्हणाली, "घाला."

मी दूध ओतलं. पांढऱ्या दुधात खिमा बुडाला तेव्हा ते बघवेना. मी देवघराकडं तोंड करून मनातल्या मनात दोन शब्द बोललो आणि ढवळत राहिलो. दूध आटत आटत खिम्यात मुरून गेलं. मग टोमॅटो घातले आणि गॅस अगदी बारीक केला. सॉस दुपार कलेपर्यंत रटरटत होता. अधूनमधून मी चमचाभर पाणी घालत होतो. कडेनं तेल सुटलं तेव्हा मला धीर आला. मटण कुठल्याही देशाचं असो, तेल सुटलं की ते शिजलं, एवढं मला कळतं. शेवया कच्च्या राहिल्या म्हणून बोल नको, म्हणून पाकिटावर लिहिलं होतं त्याहून जास्त उकळल्या.

ताट तिच्या पुढं ठेवलं. तिनं बोटांनीच घास केला, तोंडात घातला आणि थांबली. परत झोंबलं, असं मला वाटलं. मी पाण्याच्या तांब्याकडं हात नेला.

"मीठ घातलंय का?" ती म्हणाली.

मी तिच्याच ताटातला घास उचलून तोंडात टाकला. मिठाचा कणही नव्हता. सॉसमध्ये नाही, शेवयांच्या पाण्यातही नाही. दुधाच्या धास्तीत मी मीठच विसरलो होतो. म्हणजे ती सवयीनं बोलली नव्हती. तिला कळलं होतं.

"न्हाई घातलं," मी म्हणालो.

"वाटलंच मला. आनि ह्या शेवया का गिच्च गोळा केल्यात? लेकीनं कच्च्या ठेवल्या, तुमी लापशी केली. गाजर तर असं चिराय लागतंय व्हय? म्हशीला घालताय का काय?" दुसरा घास तिनं तसाच अळणी तोंडात घातला, आणि त्यावर तिसरा. "फुडच्या रविवारी मी हितं बसून सांगते. तसंच करायचं. आपली अक्कल चालवायची न्हाई."

पुढच्या रविवारी, म्हणाली ती. कित्येक महिन्यांत पुढच्या कशाचंही नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो. मला रडू आवरेना आणि ते लपवायलाही सुचेना.

तिनं घास हातात धरून माझ्याकडं बघितलं.

"आवं, डोळं पुसा," ती म्हणाली, "आनि मीठ आना."

मी मीठ आणलं.