केझियाला वाचायला शिकवायला गेले तेव्हा

माझी नोकरी गेली त्या वसंतात आमच्या व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या घरात मीच सगळ्यात जास्त उठून दिसायला लागले होते. नवरा मकरंद खाली बेसमेंटमध्ये मीटिंगवर, सई शाळेत, आणि मी सकाळपासून तिसऱ्यांदा ओटा पुसतेय. लायब्ररीच्या फळ्यावर एक कागद दिसला: सेंट क्रॉय बेटावरच्या एका चर्चमध्ये उन्हाळ्यात मुलांना वाचायला शिकवायला स्वयंसेवक हवेत, राहायची सोय होईल. मी तिथूनच मेल केली.

"आई, तू टीचर नाहीयेस," सई म्हणाली.

"मग दर रविवारी मराठी शाळेत काय करते मी?"

"दॅट्स डिफरंट. तिथे आम्ही कुठे ऐकतो तुझं?"

सेंट क्रॉय कॅरिबियन समुद्रात आहे, पण अमेरिकेचंच. आमच्या डलस विमानतळावरून मायामी, तिथून पुढे आणखी एक विमान. पासपोर्ट लागत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते नागरिकांसाठी. परतताना विमानतळावर कागदपत्रं तपासतात, म्हणून आपल्यापैकी व्हिसावर असलेल्यांनी पासपोर्टसकट सगळं बरोबर ठेवावं आणि ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड विसरू नये. गाडी भाड्याने घेणार असाल तर थोडा विचार करा. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि स्टिअरिंगही डावीकडेच. माझा पुण्यात शिकलेला मेंदू आणि व्हर्जिनियात शिकलेला हात पहिल्याच चौकात भांडले. दुसऱ्या दिवशी मी गाडी परत केली आणि शेअर टॅक्सीने फिरू लागले.

पहिल्यांदा त्या व्हॅनमध्ये वाकून चढले आणि विचारलं, "फ्रेडरिकस्टेडला जाणार का?" कोणी बोलेना. ड्रायव्हर समोर बघत बसलेला. पुन्हा विचारलं. शेवटी मागच्या सीटवरच्या एक आजी छत्रीची मूठ आपटत म्हणाल्या, "गुड मॉर्निंग!"

"गुड मॉर्निंग," मी दचकून म्हणाले. तशी सगळी व्हॅन एका सुरात "गुड मॉर्निंग" म्हणाली, आणि ड्रायव्हर वळून म्हणाला, "हो, जाणार. बसा."

दुकान असो, दवाखाना असो, आधी नमस्कार, मग काम. हे एवढं पाळलंत तर बेट तुमचं.

फ्रेडरिकस्टेड गावातला चर्चचा हॉल समुद्रापासून दोन गल्ल्या आत होता. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात उडालेल्या छपराच्या एका कोपऱ्यावर अजून निळी ताडपत्री होती. वर्ग चालवणाऱ्या मिस आयव्ही निवृत्त शिक्षिका. त्यांच्याच घरी मागच्या खोलीत मी राहत होते. तिथे छपरावरचं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात आणि तेच वर्षभर वापरतात, त्यामुळे नळ सुरू ठेवून भांडी घासली की मिस आयव्हींचा आवाज यायचा, "डार्लिंग, ती नदी नाहीये!" जेवणाचं म्हणाल तर आपल्यासारख्या शाकाहाऱ्यांचे हाल आहेत. पालेभाजीतही मासा निघतो. पण मक्याच्या पिठात भेंडी घालून शिजवलेला एक मऊ गोळा मिळतो, तो लोणच्याबरोबर मी आनंदाने खाल्ला. दूध आणि फळं आमच्याकडच्यापेक्षा बरीच महाग, कारण सगळं बोटीने येतं.

वर्ग सकाळी भरायचा. सात-आठ मुलं. त्यातली केझिया मिस आयव्हींच्या शेजारी राहणारी, बारा वर्षांची, सगळ्यांत उंच, दोन घट्ट वेण्या. पहिल्याच दिवशी तिने कपाटातून एक पुस्तक काढलं, घर शोधत फिरणाऱ्या एका खेकड्याचं, आणि मला वाचून दाखवलं. काय वाचलं तिने! खेकड्याचा आवाज वेगळा, लाटेचा वेगळा. मी घरी फोन करून मकरंदला सांगितलं, इथे माझी गरजच नाहीये.

पहिला आठवडा संपता संपता तेच पुस्तक ती लहान मुलांना वाचून दाखवत होती. दमट हवेने पानं चिकटली होती, दोन एकदम उलटली गेली. चित्रात खेकडा पत्र्याच्या डब्यात शिरलेला, आणि केझिया मात्र मधल्या, न उघडलेल्या पानावरच्या शिंपल्याची गोष्ट सांगत होती. शब्दन् शब्द.

हे मी ओळखत होते. गणपतीच्या कार्यक्रमात आमची मराठी शाळेची मुलं हातात कागद धरून कविता म्हणतात. कागदावर देवनागरी असतं आणि मुलांनी ती आईच्या फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून पाठ केलेली असते. कागद उलटा धरला तरी अडत नाही. आम्ही काकू-मावश्या मागे उभ्या राहून टाळ्या वाजवतो. त्या मुलांचं मराठी वाचता येण्यावाचून काहीच अडत नसतं. केझियाचं अडणार होतं. शाळा उघडली की ती सातवीत जाणार होती, आणि तिला तीन अक्षरी शब्दही वाचता येत नव्हता.

संध्याकाळी मिस आयव्हींना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या.

"लवकर कळलं तुला," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीचा स्वयंसेवक जाताना माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणे किती सुंदर वाचायला लागली."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"आधीच्या एकीला सांगितलं होतं. तिने पहिल्या अक्षरापासून सुरू केलं. अर्ध्यात तिची सुट्टी संपली. दुसरी आली, तिने पुन्हा पहिल्या अक्षरापासून. तिचीही संपली. मग पोरीनेच आपला मार्ग काढला. सगळी पुस्तकं कानाने उचलली. तुम्ही लोक खूश होऊन जाता, तीही हसते."

"आणि शाळेत?"

"तेच. बाई वाचतात, ही ऐकते, नंबर आला की म्हणते. वादळानंतर गेलेले शिक्षक परत आले नाहीत, डार्लिंग. वर्ग भरगच्च. कोण बघतंय कोणाचे डोळे कुठे फिरतात? आणि माझे डोळे म्हणशील तर आता मला शेंगेतला किडाही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी मी केझियाला हॉलच्या पायरीवर घेऊन बसले. मला कळलंय, एवढंच म्हणाले. तिने मान वर केली नाही. मग विचारलं, "मिस, तुम्ही अजून किती दिवस आहात?"

"दोन आठवडे."

"मग राहू द्या ना. खेकड्याचंच वाचू."

तेव्हा मी ऐकायला हवं होतं. पण मी म्हणाले, मी गेल्यावरही दर शनिवारी फोनवर शिकवीन, अर्धवट सोडणार नाही. आणि एक वचन मागितलं. "पाठ म्हणायचं नाही. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. शाळेतसुद्धा."

"सगळे हसले तर?"

"हसू देत. वाचायला लागलीस की आपोआप गप्प होतील."

तिने बराच विचार करून मान डोलावली.

ते दोन आठवडे माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होते, हे लिहिताना आता लाज वाटते. आम्ही एकेका अक्षराचा आवाज जोडत बसायचो. शिप, शॉप, फिश. दुपारी धक्क्यावर बोटींची नावं वाचायला जायचो. तिथे मासेमारीला मनाई करणारी 'नो फिशिंग'ची एक पाटी होती, त्यातलं 'फिश' तिने स्वतःहून शोधलं आणि मग पुढच्या अक्षरांवर अडकून मला कोपराने ढोसलं. "एवढं लांबवायची काय गरज होती? फिश म्हणजे फिश." विमानतळावर जायला निघाले तेव्हा ती आली नाही. तिला निरोप आवडत नाहीत, असं मिस आयव्ही म्हणाल्या.

हर्नडनला आल्यावर पहिले दोन शनिवार बरे गेले. मिस आयव्हींच्या फोनवर तिचं अर्धं कपाळ आणि एक वेणी दिसायची, पण ती वाचायची, अडखळत, खरंखुरं. तिसऱ्या शनिवारपर्यंत तिची शाळा सुरू झाली होती. ती स्क्रीनकडे बघतच नव्हती.

"काय झालं गं?"

"वाचायचा माझा नंबर आला. मला सगळं पाठ झालं होतं, मिस. बाईंनी आधी वाचलं होतं ना. पण मी म्हटलं, येत नाही."

"मग?"

"हसले. आता रोज एक तास मला दुसरीच्या मुलांबरोबर बसवतात. खुर्ची छोटी आहे. गुडघे टेबलाला लागतात." मग अजिबात राग न धरता म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात म्हणून. आधी कोणालाच माहीत नव्हतं."

मकरंद म्हणाला, "अगं, निदान शाळेला कळलं तरी. लाँग टर्म बघ ना." तो चुकीचं बोलत नव्हता. पण लाँग टर्म मी तिथे नव्हते. पोहता येईल एवढं शिकवायच्या आधीच मी तिच्या हातातलं फळकूट काढून घेतलं होतं, आणि स्वतः विमानात बसून घरी आले होते. पुढच्या आठवड्यात मिस आयव्हींनी सांगितलं, केझिया रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. मग सांगितलं, शाळेत जातच नाही. मी त्या शाळेच्या ऑफिसला फोन केला. गुड मॉर्निंग म्हणाले, तिथल्या बाईही म्हणाल्या, आणि मग अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?"

या सफरीचे फोटो पाहून बऱ्याच जणी विचारतात, आम्हीही जाऊ का? समुद्र बघायला जरूर जा. डिसेंबरनंतर हवा छान असते. पण शिकवायला जाणार असाल तर तुमच्यानंतर तिथे कोण असणार आहे ते आधी विचारा. कोणीच नसेल तर गोष्टी वाचून दाखवा, भाजी निवडू लागा, आणि मुलांनी स्वतःला सांभाळायला जे काही उभं केलंय त्याला हात लावू नका. मला हे कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

शनिवारी मी अजून फोन लावते. मिस आयव्ही उचलतात. "थांब हं," म्हणतात आणि अंगणाकडे तोंड करून केझियाला हाक मारतात. मला ती हाक ऐकू येते. मग बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज.