रुंद बाबागाडी

गारखेड्यात आमच्या समोरच्या घरात ती राहते. कुणी टोचून बोललं, की तिचं उत्तर एकच, "मग?" दुसरी मुलगी झाली तेव्हा तिनं बर्फीऐवजी पेढे वाटले. "पेढे तर मुलाचे असतात गं," एक काकू म्हणाल्या. ही डबा पुढं करून म्हणाली, "मग?"

सव्वा महिना होताच ती मला घेऊन दोन लेकरांची बाबागाडी घ्यायला निघाली. दुकानदारानं एकामागं एक बसायची अरुंद गाडी दाखवली. "ताई, आपल्या गल्ल्यांतून हीच निघते."

"मागचीला काय दिसंल? बहिणीची पाठ?" असं म्हणत तिनं शेजारी-शेजारी बसायची गाडी पुढं ओढली. "माझ्या घरात कुणी मागं नाय बसणार."

त्याच संध्याकाळी मोठीला बसवून आणि धाकटीला आडवं निजवून ती गल्लीत उतरली. दोन्हीकडं दुचाक्या लावलेल्या. पुढचं चाक अडलं. ओट्यावरचे मामा हसले, "एवढी रुंद कशाला घेतली? पोरी कडेवर घे अन् जा की बाजूनं."

तिनं बाबागाडीला ब्रेक लावला, धाकटीचं टोपडं नीट केलं.

"बाजूनं नाय जाणार, मामा. तुमची मोटारसायकल काढा."

"माझी गाडी तर रोज इथंच असती!"

"मग?"

मामा खिशात किल्ली चाचपू लागले. तोवर मी आमची स्कूटी पार भिंतीला चिकटवली होती.